खडू, खिचडी आणि खानेसुमारी
(शाळामास्तरांच्या ताणाविषयी थोडं समजून घेऊ या)

"मास्तरकी म्हणजे काय हो, सगळ्यात सुखाची नोकरी! पाच वाजता घरी, दिवाळीची सुट्टी, मे महिन्याची सुट्टी, वर सरकारी पगार!" हे वाक्य आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलं आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात एखादी आत्या, एखादे काका, आजोबा शाळेत शिकवत होते. त्यांच्या तोंडावरही लोक हे बोलत, आणि तेही बिचारे हसून सोडून देत.

दरवर्षीप्रमाणे यंदाही मंडळाच्या धर्मादाय कार्यक्रमातून जमणारा निधी महाराष्ट्रातल्या ग्रामीण शाळांसाठी जाणार आहे. शाळेला देणगी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बाकं येतात, संगणक येतात, स्वच्छतागृह, पाण्याची टाकी, दप्तरं येतात. या वस्तू हव्यातच, त्याबद्दल वाद नाही. पण या सगळ्या वस्तू वापरात ठेवणारा जो एक माणूस शाळेत असतो, त्याच्याबद्दल देणगीच्या पुस्तिकेत सहसा कोणी लिहीत नाही. म्हणून यंदा आम्ही ठरवलं की शाळेबद्दल नव्हे, शाळा चालवणाऱ्या गुरुजींबद्दल आणि बाईंबद्दल लिहायचं. त्यांच्यावर ताण कशाचा असतो, तो येतो कुठून, आणि आपल्या देणगीने तो कमी होतो की वाढतो, हे समजून घेतलं तर आपला डॉलर जास्त उपयोगी पडेल असं आम्हाला वाटतं.

ताण म्हणजे नुसतं जास्त काम नव्हे

कष्ट आणि ताण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुगीच्या दिवसांत शेतकरी अंधार पडेपर्यंत राबतो, थकतो, आणि रात्री गाढ झोपतो. ते कष्ट. ताण केव्हा येतो? अमेरिकेतले अभ्यासक रॉबर्ट करासेक यांनी 1979 साली याचं एक साधं सूत्र मांडलं. कामाच्या मागण्या खूप आणि त्या कामावर स्वतःचा ताबा मात्र थोडा, अशी परिस्थिती झाली की माणूस ताणाखाली येतो. मागण्या जास्त असल्या तरी 'कधी, काय, कसं करायचं' हे ठरवायची मुभा असली, तर तेच काम उत्साह देतं.

आता हे सूत्र वर्गाला लावून पाहा. फिलिप जॅक्सन यांनी 1968 साली 'लाइफ इन क्लासरूम्स' या पुस्तकात प्राथमिक शाळेच्या वर्गांचं बारकाईने निरीक्षण नोंदवलं. त्यांच्या अंदाजाने शिक्षकाचा एका दिवसात मुलांशी हजारापर्यंत वेळा काही ना काही संवाद होतो. "बाई, यानं माझी पेन्सिल घेतली," "सर, पाणी पिऊन येऊ?" पासून "हे गणित कळलं नाही" पर्यंत. ऑफिसात आपण ईमेल उद्यावर ढकलू शकतो. सहा वर्षांचं मूल उद्यावर ढकलता येत नाही.

त्यात आणखी एक ओझं आहे, ते दिसत नाही. घरी काहीही झालेलं असो, वर्गात पाऊल टाकताना चेहरा शांत ठेवावा लागतो. राग आला तरी दाखवायचा नाही, रडू आलं तरी आवरायचं. समाजशास्त्रज्ञ आर्ली होकशील्ड यांनी 1983 साली अशा कामाला भावनिक श्रम म्हटलं. हमालाची पाठ दुखते तशी या श्रमाने मनाची पाठ दुखते, इतकंच.

हे ओझं वर्षानुवर्षं साचलं की जे होतं त्याला इंग्रजीत बर्नआउट म्हणतात. क्रिस्टिना मॅसलॅक आणि सुझन जॅक्सन यांनी 1981 साली ते मोजायची प्रश्नावली तयार केली. त्यात तीन खुणा आहेत. पहिली, मनाने पार रिकामं होणं. दुसरी, समोरच्या माणसांविषयी कोरडेपणा येणं, म्हणजे मुलं 'मुलं' न वाटता 'पट' वाटू लागणं. आणि तिसरी, 'माझ्या शिकवण्याने काही फरक पडत नाही' असं वाटू लागणं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली बर्नआउट हा आजार नसून कामाच्या जागेशी जोडलेली अवस्था आहे असं नोंदवलं. हे फार महत्त्वाचं आहे. कारण मग 'त्या मास्तरांना योगासनं शिकवा' एवढ्यावर उत्तर संपत नाही, कामाची मांडणीही बघावी लागते.

दोन गुरुजी, चार वर्ग, चौदा तास

तर ती मांडणी बघू. शिक्षण हक्क कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीत 60 पर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक मिळतात. कागदावर हे प्रमाण छान दिसतं, एका शिक्षकामागे 30 मुलं! इथल्या कित्येक शाळांतही एवढंच असतं.

पण खेड्यातली, वाडीवरची शाळा कशी असते? पहिली ते चौथी, पट 30-35, शिक्षक दोन. म्हणजे एका शिक्षकाकडे दोन इयत्ता, बहुधा एकाच खोलीत. पहिली-दुसरीला मराठी, गणित आणि इंग्रजी (महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे), तिसरी-चौथीला त्यात परिसर अभ्यासाची भर. खेळ, चित्रकला, कार्यानुभव सोडूनच द्या. तीन, तीन, चार, चार अशी बेरीज केली तर रोजचे निदान 14 पाठ होतात. दोघांत सात-सात. एका इयत्तेला शिकवताना दुसरीला काहीतरी लिहायला द्यायचं, आणि एक डोळा तिकडे ठेवायचा.

आता दोघांपैकी एक जण केंद्रशाळेत बैठकीला गेला, प्रशिक्षणाला गेला, पंचायत समितीत कागद द्यायला गेला, किंवा चक्क आजारी पडला. मग उरलेल्या एकाकडे चार इयत्ता आणि चौदाच्या चौदा पाठ. आपल्याकडे अमेरिकेत शिक्षक रजेवर गेला की 'सब' येतो. सब मिळत नाहीत म्हणून इथल्या शाळाही मेटाकुटीला येतात, पण निदान तशी पद्धत तरी आहे. वाडीवरच्या शाळेत बदली शिक्षक ही कल्पनाच नाही. म्हणून तिथली बाई ताप असतानाही शाळेत येते. आपण नसलो तर शाळा बंद, हे तिला माहीत असतं. सहा-सात वर्षं असं काढून बघा, म्हणजे 'मे महिन्याची सुट्टी' कशासाठी लागते ते कळेल!

शिवाय या शाळेत शिपाई नाही, कारकून नाही. कुलूप उघडणं, परिपाठ घेणं, हजेरी, दाखल-खारीज रजिस्टर, जमाखर्च, वीजबिल, सगळं या दोघांचंच. त्यातला एक जण मुख्याध्यापकही असतो. पाटी तेवढी बदलते, वर्ग सुटत नाही.

खिचडीची चव

शाळेत मुलांना आहार देण्याची राष्ट्रीय योजना 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 सालच्या आदेशानंतर शिजवलेलं अन्न देणं बंधनकारक झालं. 2021 पासून तिचं नाव पीएम पोषण आहे. योजना अतिशय चांगली आहे. दुपारच्या त्या गरम खिचडीमुळे कितीतरी मुलं शाळेत येतात आणि टिकतात, हे कोणी नाकारणार नाही.

पण तिचा हिशोब कोणी ठेवायचा? पहिली ते पाचवीला मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला 150. त्याप्रमाणे आजची हजेरी, आजचा तांदूळ, डाळ, तेल, शिल्लक साठा यांची रोज नोंद. स्वयंपाक करणाऱ्या मावशी असतात, पण भाजीपाला आणि इंधन यांचे पैसे यायला उशीर झाला की मुख्याध्यापक खिशातून घालतात आणि मग वाट बघत बसतात. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चव घेऊन चव रजिस्टरमध्ये सही करायची असते. जुलै 2013 मध्ये बिहारमधल्या सारण जिल्ह्यात शाळेतलं विषारी जेवण खाऊन 23 मुलं दगावली, आणि पुढे तिथल्या मुख्याध्यापिकेला शिक्षा झाली. तेव्हापासून देशभरातल्या शिक्षकांच्या मनात ती चव घेताना एक धास्ती आहे. वरण-भात चाखणं हेसुद्धा जोखमीचं काम होऊ शकतं, असं आपल्याला कधी वाटलं होतं का?

खिशातून खर्च करण्याची गोष्ट इथल्या शिक्षकांनाही नवी नाही, बरं का. वर्गासाठी स्वतःच्या पैशाने खडू, कागद, पुस्तकं आणणाऱ्या अमेरिकी शिक्षकांना 2002 पासून 250 डॉलरपर्यंत करवजावट मिळू लागली, 2022 पासून ती 300 झाली. म्हणजे शिक्षक पदरचे पैसे घालतो हे सरकारने इथे निदान कबूल केलं आहे!

शाळेबाहेरची शाळा

शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 सांगतं की शिक्षकाला शिक्षणाखेरीज दुसरी कामं देऊ नयेत. अपवाद फक्त तीन. दर दहा वर्षांची जनगणना, आपत्तीनिवारण, आणि स्थानिक संस्था, विधानसभा व लोकसभेच्या निवडणुका.

अपवाद तीनच, पण ते केवढे! मतदार याद्यांचं काम वर्षभर या ना त्या रूपाने चालू असतं, आणि गावोगावचे बरेचसे बूथ लेव्हल ऑफिसर म्हणजेच बीएलओ शिक्षकच असतात. मतदार यादीचं काम शिक्षकांना सुट्टीच्या आणि बिनशिकवणीच्या दिवशीच द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली सांगितलं. म्हणजे सुट्टीही गेली. 2020-21 च्या करोनात शाळा बंद होत्या तेव्हा शिक्षक घरोघरी सर्वेक्षण करत होते, नाक्यांवर उभे होते, आणि त्याच वेळी मोबाइलवरून शिकवायचा प्रयत्नही करत होते. 2011 नंतरची जनगणना आता 2027 ची ठरली आहे. घराघरात जाऊन माहिती भरणार कोण, हे सांगायला नकोच.

आणि या तीन अपवादांत न बसणारं, पण सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम म्हणजे माहिती भरणं. यू-डायस, सरल, शालार्थ, आहाराची रोजची नोंद, गणवेशाची, आधार जुळवणीची, निरनिराळ्या ॲपवरची. 'आज दुपारी चारपर्यंत माहिती तात्काळ सादर करावी' असा निरोप व्हॉट्सॲपच्या गटावर दुपारी दोनला येतो. गावात रेंज नसेल तर गुरुजी टेकडीवर जाऊन उभे राहतात. तोवर तिसरीचा भागाकार तिथेच राहतो.

करासेक यांचं सूत्र आठवतं का? मागणी खूप, ताबा थोडा. इथे ते पुरतं लागू पडतं. या कामांत 'नाही' म्हणायची सोय नाही, आणि 'नंतर करतो' म्हणायचीही नाही.

पगाराची आणि उद्याची काळजी

"पगार तर चांगला आहे ना!" हे खरं आहे, पण सगळ्यांसाठी नाही. 2000 साली राज्याने शिक्षणसेवक योजना आणली. नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षं ठराविक मानधनावर काढायची. प्राथमिकला ते महिना 3,000 रुपये होतं. पुढे 6,000 झालं आणि 2023 पासून 16,000 आहे. त्याहून वाईट अवस्था विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांची. 2009 साली 'कायम विनाअनुदानित' मधला 'कायम' हा शब्द सरकारने काढला, पण अनुदान मात्र टप्प्याटप्प्याने, आंदोलनं करकरून. अनेकांनी ऐन उमेदीची दहा-पंधरा वर्षं जवळजवळ फुकट शिकवण्यात घालवली. सकाळी वर्गात 'सर', आणि संध्याकाळी शेतमजुरी किंवा दुकानात हिशोब लिहिणं. आझाद मैदानावर उपोषणाला बसलेले शिक्षक आपण बातम्यांत पाहतो, ते हेच.

मग बदल्या. 2017 पासून जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन होऊ लागल्या. वशिला कमी झाला हे चांगलंच, पण नवरा एका तालुक्यात, बायको दुसऱ्या टोकाला, म्हातारे सासू-सासरे तिसरीकडे, असे संसार पुष्कळ आहेत. अवघड क्षेत्रातल्या शाळेत रोज दोन बस बदलून आणि शेवटचा टप्पा पायी चालून जाणाऱ्या शिक्षिकेचा दिवस शाळेची घंटा होण्याआधी तीन तास सुरू होतो.

आणि अगदी अलीकडची गोष्ट. 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असलेल्या, आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हायला हवं. शिक्षक पात्र असावा यात गैर काहीच नाही. पण वीस-पंचवीस वर्षं शिकवल्यावर पंचेचाळिशी-पन्नाशीत नोकरी टिकवण्यासाठी परीक्षेला बसायचं, म्हणजे पोटात गोळा येणारच. परीक्षा घेणाऱ्यालाही परीक्षेची भीती वाटते हो!

वर्गातली रिकामी जागा

वर सांगितलेली कारणं सरकारी कागदांत तरी सापडतात. पण शिक्षकांशी निवांत बोलायला बसलं, तर ते ज्या गोष्टीने रात्री जागे राहतात ती वेगळीच असते. ती म्हणजे एखादं मूल.

बीड, अहिल्यानगर, जालना भागांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणी कामगारांचे जथे साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. आईबापाबरोबर मूलही जातं. जूनमध्ये बाईंनी ज्याला अक्षरं गिरवायला शिकवलं, तो दिवाळीनंतर वर्गात नसतो. एप्रिलमध्ये तो परत येतो तेव्हा 'क' आणि 'फ' त्याला सारखेच दिसतात. बाई पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. गावात हंगामी वसतिगृह चाललं, किंवा आजी-आजोबा मुलाला ठेवून घ्यायला तयार झाले, तर मूल राहतं. त्यासाठी घरोघरी जाऊन विनवण्या करणारा शिक्षकच असतो. त्यात काही वेळा यश येतं, काही वेळा नाही. सातवीतली चुणचुणीत मुलगी अचानक यायची थांबते आणि तिचं लग्न ठरल्याचं कळतं. बाप दारू पितो, आई आजारी, मूल उपाशी आलंय. शिक्षकाला हे सगळं दिसतं. पण आपल्या हातात फळा आणि खडू एवढंच आहे, हेही त्याला कळत असतं.

इकडे 'असर' सारखे अहवाल येतात, वर्तमानपत्रात मथळा येतो की पाचवीच्या मुलांना दुसरीचं वाचता येत नाही. हा प्रश्न खराच आहे, झाकून उपयोग नाही. कामचुकार शिक्षकही आहेत, तेही कोणी नाकारत नाही. पण त्या मथळ्याने कामचुकार शिक्षकाला काहीच वाटत नाही. लागतं ते मनापासून शिकवणाऱ्यालाच.

या सगळ्याचा परिणाम अंगावरही दिसतो. दिवसभर मोठ्याने बोलून घसा बसणं हा तर शिक्षकांचा धंद्याचा आजारच. त्याखेरीज डोकेदुखी, पित्त, झोप न लागणं, घरी आल्यावर स्वतःच्याच मुलांवर चिडणं. आणि याची झळ शेवटी वर्गाला लागते. थकलेला शिक्षक पुस्तक उघडून 'हे उतरवून घ्या' म्हणतो, कारण प्रश्नोत्तरांना त्राण लागतं. म्हणूनच शिक्षकाचा ताण हा मुलांच्या शिक्षणाचाच प्रश्न आहे. (आपल्या ओळखीत भारतात कोणी शिक्षक फार खचलेले वाटले तर त्यांना टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक जरूर द्या. ऑक्टोबर 2022 पासून ती चालू आहे, विनाशुल्क आहे, आणि मराठीतही बोलता येतं.)

मग आपण काय करायचं?

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना 2020 साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि त्यांनी दहा लाख डॉलरची अर्धी रक्कम इतर अंतिम स्पर्धकांमध्ये वाटली, तेव्हा आपली सगळ्यांची मान उंचावली. असे शिक्षक असतातच. पण आपल्याला, देणगीदारांना, अशा कथांची थोडी जास्त सवय लागली आहे. 'एकट्याने शाळा बदलून दाखवली' हे वाचायला छान वाटतं. पण प्रत्येक गुरुजींनी एकट्यानेच शाळा बदलावी अशी अपेक्षा धरली, तर तो आणखी एक ताण झाला.

देणगीसुद्धा ताण देऊ शकते. दहा संगणक आले, पण वीजबिल थकून मीटर काढून नेलेला. ते संगणक उंदरांपासून जपायची जबाबदारी गुरुजींची. वाटपाचा कार्यक्रम ठरला की दोन दिवस शाळा झाडणं, स्वागतगीत बसवणं, हारतुरे, आणि मुलं उन्हात पाहुण्यांची वाट पाहत. नंतर फोटो पाठवा, अहवाल पाठवा, तोही इंग्रजीत. देणाऱ्याचा हेतू शंभर टक्के चांगला असतो. पण त्या दोघांच्या चौदा पाठांतले किती त्यात गेले, हे कोणी मोजत नाही.

म्हणून कोणत्याही शाळेला काही देण्याआधी एकच प्रश्न विचारावा असं आम्ही सुचवतो. 'या देणगीने शिक्षकाच्या हातचं काम कमी होईल की वाढेल?' या कसोटीवर काय काय उतरतं ते पाहा.

• शाळेसाठी मदतनीस. गावातलीच बारावी किंवा पदवी झालेली मुलगी, रीतसर मानधन घेऊन, माहिती भरायला, आहाराची नोंद ठेवायला, लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवायला. शाळा व्यवस्थापन समिती आणि पंचायत समितीचा शिक्षण विभाग यांची संमती घेऊन, स्थानिक संस्थेमार्फत हे करता येतं. दोन शिक्षकांच्या शाळेत तिसरी व्यक्ती आली की केवढा फरक पडतो, हे वेगळं सांगायला नको.

• गोष्टींची पुस्तकं, मराठीत, सोप्यापासून अवघडपर्यंत लावलेली. एका इयत्तेला शिकवताना दुसरी इयत्ता आपली आपण वाचत बसते. याला ना वीज लागते, ना पासवर्ड.

• वस्तू दिली तर तिच्या देखभालीचे पैसेही. पाण्याचं फिल्टर दिलं तर पुढच्या तीन वर्षांच्या दुरुस्तीसह.

• शिक्षकांची महिन्यातून एकदा आपसांत भेट. भाषण नाही, अधिकारी नाहीत. चहा, प्रवासखर्च, आणि एक जाणता समुपदेशक. वाडीवरच्या शिक्षकाचं सगळ्यात मोठं दुखणं एकटेपणा आहे, आणि आपलं ऐकून घेणारं कोणी असणं हाच त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

• ऊसतोडणीच्या हंगामात गावी राहणाऱ्या मुलांच्या संध्याकाळच्या जेवणाची आणि अभ्यासाची सोय.

हे काम शाळा व्यवस्थापन समितीला विचारूनच करावं. कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात, आणि निम्म्या स्त्रिया. गावाला काय हवं ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. पैशाच्या वाटेविषयीही दोन शब्द. भारतातल्या संस्थेला परदेशातून देणगी घ्यायला एफसीआरए नोंदणी लागते. 2020 च्या दुरुस्तीनंतर हा पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, आणि एका संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणून प्रत्यक्ष गावात काम करणारी, नोंदणी चालू असलेली संस्थाच निवडायची, हा आमचा नियम आहे. अहवाल आम्ही मराठीत, एका पानाचा मागतो, तोही वर्षातून एकदा आणि संस्थेकडून, शिक्षकांकडून नाही.

शेवटी आपल्याच घरातली एक गोष्ट. आपल्यातले कितीतरी जण रविवारी मराठी शाळेत शिकवतात. आठवडाभर नोकरी करून, शनिवारी रात्री तक्ते रंगवून, सकाळी दहाला "काका, व्हाय डू वी हॅव टू लर्न धिस?" ला हसतमुखाने उत्तर देतात. दोन तासांनी घसा बसतो आणि डोकं भणभणतं. ते दोन तास सहा दिवसांनी गुणा, त्यात खिचडी, निवडणूक आणि व्हॉट्सॲपचे निरोप मिळवा, म्हणजे वाडीवरच्या बाईंचा आठवडा किती लांब असतो त्याचा थोडा अंदाज येईल. (आणि जाता जाता, या रविवारी मुलाला शाळेतून न्यायला जाल तेव्हा आपल्या मराठी शाळेच्या शिक्षकांना खुर्च्या आवरू लागा. फुलांच्या गुच्छापेक्षा ते त्यांना जास्त आवडतं.)

या पुस्तिकेबरोबर देणगीचा फॉर्म आहे. त्यात यंदा 'शाळा मदतनीस' असा वेगळा रकाना ठेवला आहे. बाकं-संगणकांच्या रकान्याआधी एकदा त्याच्यावर नजर टाकावी, एवढीच विनंती. फॉर्म भरून कार्यक्रमाच्या दिवशी प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर द्या. चहा तिथेच आहे.